अझिओट्रोपच्या दुधात मिठाचा खडा

पावसाळा लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. आई म्हणते, "मीठ पाझरलं बघ." खरं तर मिठातून काहीच पाझरलेलं नसतं, उलट त्यानेच हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ वाफ धरायला लागतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळू लागतं. (खडेमीठ त्याच्याही आधी ओलं होतं. त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते मिठापेक्षा हावरट.) कोकणात जून-जुलैमध्ये ७५ टक्के म्हणजे काहीच नाही, त्यामुळे तिथल्या बरण्यांचं काय होतं ते सांगायला नको.

मित्रांनो, हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा. कारण याच आकड्याच्या नात्यातल्या दुसऱ्या एका आकड्यावर एकेकाळी अल्कोहोलचे अख्खे प्लांट चालले. मास ट्रान्सफर शिकताना हा विषय आमच्या वाट्याला जेमतेम दोन ओळींचा आला. ओरलला कोणी विचारत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. मी तो उकरून काढला तो निव्वळ उत्सुकतेपोटी, आणि मग त्यातून बाहेर पडायला बराच वेळ लागला.

आधी आपल्या मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. दोन द्रव एकमेकांत मिसळलेले असतील आणि त्यांचे उत्कलनबिंदू वेगळे असतील, तर मिश्रण उकळून ते वेगळे करता येतात. जो लवकर उडतो तो वाफेत जास्त जातो, ती वाफ थंड करायची, पुन्हा उकळायची, पुन्हा थंड करायची. हेच काम एका उंच कॉलममध्ये एकावर एक ट्रे रचून केलं की झालं ऊर्ध्वपातन, म्हणजे आपलं डिस्टिलेशन. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवून जो वॉश मिळतो त्यात अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास असतं. बाकी बहुतेक पाणी. इथेनॉल ७८.३ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणजे सोपं काम! कॉलम उंच करत जायचं आणि शंभर टक्के अल्कोहोल काढायचं.

पण तसं होत नाही. वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल झालं की गाडी अडते. त्या ठिकाणी मिश्रण ७८.१५ अंशांना उकळतं आणि द्रवात जेवढं पाणी तेवढंच वाफेत. पन्नास ट्रे लावा नाहीतर पाचशे, वरच्या ट्रेवर तेच आणि खालच्या ट्रेवरही तेच. याला म्हणतात अझिओट्रोप. पिण्याच्या किंवा औषधांच्या कामाला ९५ टक्के पुष्कळ झालं, पण पेट्रोलमध्ये मिसळायचं तर ते चालत नाही. पाण्याचा अंश जास्त झाला की टाकीच्या तळाला पाणी आणि अल्कोहोलचा वेगळा थर बसतो आणि इंजिनाला नेमका तोच थर मिळतो. आपल्याकडे जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आलं, त्यात महाराष्ट्र होता. २०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांचा टप्पा गाठला. तेव्हा शेवटच्या त्या साडेचार टक्के पाण्याचा प्रश्न आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक डिस्टिलरीचा प्रश्न आहे.

ही अडवणूक कशामुळे होते? इथे एक छोटासा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ७८.१५ अंशांना शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे ७५५ मिलिमीटर आणि शुद्ध पाण्याचा सुमारे ३३०. म्हणजे पाण्याची उडण्याची ताकद इथेनॉलच्या निम्म्याहून कमी. तरीही अझिओट्रोपमध्ये दोघं सारख्याच वेगाने उडतात. याचा अर्थ अल्कोहोलच्या गर्दीत सापडलेलं थोडंसं पाणी आपल्या नेहमीच्या ताकदीच्या जवळजवळ २.३ पट जोर लावून बाहेर पळतंय. यालाच आपण ॲक्टिव्हिटी कोएफिशंट म्हणतो आणि परीक्षेत गॅमा लिहून मोकळे होतो. पाण्याच्या रेणूंना एकमेकांचा सहवास प्रिय. सभोवती सगळं इथेनॉल, त्याला मागे कार्बन-हायड्रोजनचं तेलकट शेपूट. मन रमत नाही, मग संधी मिळताच वाफेत उडी. गणेशोत्सवात मुंबईहून गावी जाणाऱ्या गाडीला होते तशी गर्दी.

आता प्रश्न असा, की या पळणाऱ्या पाण्याला थांबवायचं कसं?

तर बरणीकडे परत या. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं तर डब्यातल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन स्थिरावते. म्हणजे त्या द्रावणातलं पाणी शुद्ध पाण्याच्या पाऊणपटच उडू शकतं. उरलेलं सोडियम आणि क्लोराइड आयनांनी धरून ठेवलेलं असतं. लोणचं टिकतं तेही याचमुळे. पाणी बरणीत दिसतं, पण जंतूंच्या वाट्याला येत नाही. आता मिठाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड घ्या. खोलीच्या तापमानाला आर्द्रता स्थिरावते ३३ टक्क्यांवर. पोटॅशियम ॲसिटेट घ्या, २३ टक्क्यांवर! म्हणजे पाण्याची उडण्याची ताकद चौथाईपेक्षाही कमी. हाच तो दुसरा आकडा. प्रयोगशाळेत हायग्रोमीटर तपासायला हे क्षार वापरतात, तिथे हे आकडे तक्त्यात छापलेले असतात.

मग अझिओट्रोपमध्ये असा एखादा क्षार विरघळवला तर? आयन पाण्याला धरून ठेवतात, इथेनॉलकडे फारसं बघत नाहीत. पाण्याचा पळण्याचा जोर निम्म्यावर आणला, तर रिलेटिव्ह व्होलॅटिलिटी एकावरून दोनवर जाते. एक म्हणजे वेगळं होणं अशक्य. दोन म्हणजे? कागद-पेन्सिल घेऊन मी हिशेब केला. ९५.६ टक्क्यांपासून ९९.५ टक्क्यांपर्यंत (दोन्ही वजनाने) जायचं तर इथेनॉल-पाणी यांचं मोल गुणोत्तर साडेआठवरून अठ्ठ्याहत्तरच्या आसपास न्यावं लागतं, म्हणजे नऊपट. संपूर्ण रिफ्लक्सवर प्रत्येक आदर्श स्टेजला ते दुप्पट होणार. दोन, चार, आठ, सोळा. चार स्टेजमध्ये काम फत्ते. व्होलॅटिलिटी १.०५ असती तर याच कामाला पंचेचाळीसच्या वर स्टेज लागल्या असत्या. हा आकडा प्रत्यक्ष प्लांटचा नाही, नुसता कागदावरचा आहे. पण क्षार किती मोठं काम करतो ते त्यातून कळतं. कॅनडातल्या रॉयल मिलिटरी कॉलेजच्या विल्यम फर्टर यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. जॉन्सन आणि फर्टर यांनी १९६० मध्ये मांडलेलं समीकरण अगदी सुटसुटीत आहे: क्षार घातल्यावरची आणि न घालताची व्होलॅटिलिटी यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम क्षाराच्या प्रमाणाच्या पटीत वाढतो. प्रत्येक मिश्रणाला ते तंतोतंत लागू पडत नाही, पण पहिला अंदाज घ्यायला उत्तम.

मराठीत दोन माणसांच्या संबंधात बिघाड झाला की आपण म्हणतो, दुधात मिठाचा खडा पडला. अझिओट्रोपची जोडी फोडायलाही मिठाचा खडाच लागावा, हा योगायोग मला फार आवडतो.

ही युक्ती नवी अजिबात नाही. युरोपात 'मॅपे क्लाविक्युला' नावाचा कारागिरीच्या कृतींचा जुना लॅटिन संग्रह आहे. त्याच्या बाराव्या शतकातल्या प्रतीत वाइनमध्ये मीठ घालून तापवायची आणि जळणारं पाणी काढायची कृती आहे. गंमत म्हणजे त्यातले 'वाइन', 'भाग' आणि 'मीठ' हे शब्द सांकेतिक लिपीत आहेत. संकेत काय, तर प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचं अक्षर! आपण शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या पाठवायचो तसं. म्हणजे तेव्हाचं हे ट्रेड सीक्रेट होतं.

बरं, कोणताही क्षार चालेल का? नाही. नियम असा, की क्षार ज्या द्रवात जास्त विरघळतो त्याला तो धरून ठेवतो. मर्क्युरिक क्लोराइड पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त विरघळतं, तर त्याने उलटाच परिणाम होतो आणि इथेनॉलच बांधलं जातं. कॅल्शियम क्लोराइड आणखी लबाड. ते पाण्याशी मैत्री करतं तशी मेथनॉल-इथेनॉलशीही करतं. म्हणून तर लॅबमध्ये अल्कोहोल सुकवायला ते वापरू नका असं बजावतात आणि इथाइल ॲसिटेटमधलं उरलंसुरलं अल्कोहोल काढायला मात्र कॅल्शियम क्लोराइडच्याच द्रावणाने धुवायला सांगतात. दोन्ही सूचना आपण जर्नलमध्ये मुकाट्याने लिहितो, पण त्या एकाच कारणाच्या आहेत हे कोणी सांगत नाही.

आणि आपलं साधं मीठ? स्वस्त, पण इथे निरुपयोगी. कॉलममध्ये वर जाऊ तसं द्रवात अल्कोहोल वाढत जातं आणि ९५ टक्के अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळतच नाही. विरघळलं नाही तर आयन नाहीत, आयन नाहीत तर परिणाम नाही. वर ट्रेवर मिठाचा थर बसेल तो वेगळाच. म्हणजे नेमका असा क्षार हवा, जो पाण्याला घट्ट धरेल पण अल्कोहोलमध्येही बऱ्यापैकी विरघळेल. पोटॅशियम ॲसिटेट दोन्ही अटींत बसतं.

जर्मनीत १९३० च्या दशकात नेमकं हेच झालं. डेगुस्सा कंपनीच्या 'हियाग' पद्धतीत पोटॅशियम आणि सोडियम ॲसिटेटचं मिश्रण कॉलमच्या माथ्यावर रिफ्लक्समध्ये घालत. क्षार उडत नाही, त्यामुळे तो ट्रेमागून ट्रे खालीच उतरत जातो, पाण्याला सोबत घेऊन. माथ्यावरून निघतं ९९.८ टक्के इथेनॉल, तेही क्षाराचा मागमूस नसलेलं. बेंझिन किंवा ग्लायकॉल घातलं तर त्याचा अंश उत्पादनात यायची धास्ती असते, इथे तो प्रश्नच नाही. तळाला पाण्यात विरघळलेला क्षार मिळतो, पाणी उडवायचं आणि क्षार पुन्हा वर न्यायचा. ही पद्धत काही दशकं चालली.

मग आज ती का दिसत नाही? माझ्या मते लेखाचा खरा विषय हाच आहे. कागदावर जिंकणारी पद्धत प्लांटमध्ये का हरते?

तिचा पहिला प्रतिस्पर्धी होता बेंझिन. सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये दाखवलं, की बेंझिन घातलं की पाणी, अल्कोहोल आणि बेंझिन या तिघांचा नवा अझिओट्रोप ६४.९ अंशांना उडून जातो आणि खाली कोरडं अल्कोहोल उरतं. बेंझिन द्रव आहे. पंपाने चढतं, पाइपातून वाहतं, कंडेन्सरमधून परत येतं. ऑपरेटरला दुसरं काय हवं? पुढे बेंझिनने कॅन्सर होतो हे सिद्ध झालं, तेव्हा त्या जागी सायक्लोहेक्झेन आलं. ज्यांनी बेंझिनच्या प्लांटवर उमेदीची वर्षं घालवली त्या कामगारांच्या आरोग्याची किंमत कुठल्या कॉस्ट शीटमध्ये धरली होती, हा प्रश्न मला हे वाचताना सारखा टोचत राहिला. क्षाराची पद्धत तेव्हाही होती, आणि ती निदान श्वासातून आत जात नव्हती.

पण क्षाराच्या बाजूनेच बोलत राहिलो तर तेही खरं नाही. क्षार उडत नाही हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा अवगुण. पंप बंद पडला, लाइन थंड झाली, की पाइपात स्फटिक. वॉल्व्ह जाम, ट्रेची भोकं बंद. क्षार परत मिळवायला बाष्पीभवन करावं लागतं आणि तिथे स्टीम खर्च होते, म्हणजे वर वाचवलेलं काही अंशी खाली जातंच. क्लोराइड वापरलं तर गरम द्रावणात स्टेनलेस स्टीलला ताणाखाली तडे जातात, स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंग. मटेरियलच्या पेपरला पाठ केलेली व्याख्या इथे कॉलमच्या भिंतीत भेटते. शेवटी मॉलिक्युलर सीव्ह आली. तीन अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइटमध्ये पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. वाफ सरळ त्या गोळ्यांच्या थरातून सोडायची, दाब कमी करून गोळ्या पुन्हा ताज्या करायच्या. आपल्या डिस्टिलऱ्यांत फ्युएल इथेनॉलसाठी आज बहुतेक ठिकाणी हेच दिसेल. आणि खरं सांगायचं तर इथेनॉलपुरता हा निकाल मला योग्य वाटतो.

मात्र क्षार सगळीकडे हरला नाही. नायट्रिक ॲसिड आणि पाणी यांचाही अझिओट्रोप आहे, ६८ टक्क्यांना, पण उलट्या स्वभावाचा. तो दोघांपेक्षाही जास्त तापमानाला, १२१ अंशांच्या आसपास उकळतो. स्फोटकं आणि काही रंगांची मध्यस्थ रसायनं बनवायला ९८ टक्क्यांच्या पुढचं ॲसिड लागतं. पूर्वी त्यासाठी सल्फ्युरिक ॲसिड घालत. ते पाणी पिऊन घ्यायचं खरं, पण मग ते पातळ झालेलं सल्फ्युरिक पुन्हा कडक करणं म्हणजे प्रचंड तापमान आणि ॲसिडचं धुकं. १९५० च्या दशकात अमेरिकेत हर्क्युलिस कंपनीने त्याऐवजी मॅग्नेशियम नायट्रेट आणलं. साधारण ७२ टक्क्यांचं गरम द्रावण कॉलममध्ये सोडायचं. ते पाणी घेऊन खाली जातं, नायट्रिकची वाफ वर. खाली पातळ झालेलं द्रावण व्हॅक्युममध्ये आटवून परत ७२ टक्क्यांवर. इथली खुबी बघा: क्षार कधीच सुका करायचा नाही! कायम गरम, कायम वाहता. थंड झाला तर गोठेल, म्हणून सगळ्या पाइपांना स्टीम ट्रेसिंग. हियागला जे जड गेलं ते इथे असं सोपं केलं आणि ही पद्धत टिकली.

आता एक प्रयोग, जो उकळल्याशिवाय करता येतो. मेडिकलच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आपलं आयपीए, आणि पाणी निम्मंनिम्मं घ्या. दोन्ही बेमालूम मिसळतात. बॉलपेनच्या शाईचा एक थेंब टाका, सगळं निळं होईल. आता त्यात साधं मीठ चमच्या-चमच्याने घालून हलवत राहा. थोड्या वेळाने ग्लासात दोन थर! वरचा अल्कोहोलचा, शाई घेऊन गेलेला. खालचा खाऱ्या पाण्याचा. (जवळ ज्योत नको, आणि खिडकी उघडी ठेवा. आयपीए सहज पेट घेतं.) हेच इथेनॉलबरोबर करायला गेलात तर साध्या मिठाने थर पडत नाहीत, पोटॅशियम कार्बोनेट लागतं. इथेनॉलचं शेपूट एका कार्बनने आखूड, त्यामुळे त्याला पाण्याचा लळा जास्त.

हा खेळ वाटेल, पण तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ अशा एमआयडीसींमधल्या रासायनिक कारखान्यांकडे बघा. औषधं बनवताना आयपीए, टीएचएफसारखी सॉल्व्हंट वापरायची आणि ती पाण्यात मिसळून बाहेर पडणार. आयपीएचा अझिओट्रोप ८८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नुसत्या कॉलमने पुन्हा वापरण्याइतकं कोरडं होत नाही. मग एकतर ते नीट सुकवून परत वापरायचं, नाहीतर कमी भावात विकायचं, नाहीतर भट्टीत जाळायचं. क्षार घालून आधी थर पाडले तर पुष्कळसं पाणी वाफ न करताच खाली जातं, आणि कॉलमवरचं ओझं हलकं होतं. वरचा थर शुद्ध नसतो हे मात्र ध्यानात ठेवायचं. त्यात पाणी उरतंच, ते किती हे क्षारावर ठरतं.

पण इथेही बिल कोणीतरी भरतंच. खालच्या थरातलं खारं पाणी जाणार कुठे? ईटीपीकडे. तिथल्या जंतूंना इतका टीडीएस सोसत नाही, आणि मग मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर लावा. म्हणून क्षार परत मिळवायची सोय आधी आखली नसेल तर थर पाडण्याची युक्ती म्हणजे एका डिपार्टमेंटची डोकेदुखी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं. कार्बोनेट निदान आटवून पुन्हा वापरता येतं. बॅचमागे पोतं रिकामं करायचं आणि पाणी गटाराला, हे गणित आता चालणार नाही.

गेल्या काही दशकांत लोकांनी मधला रस्ता शोधलाय. चीनमध्ये ग्लायकॉलमध्येच क्षार विरघळवून वापरून पाहिला. ग्लायकॉलमुळे क्षार वाहता राहतो, क्षारामुळे ग्लायकॉल कमी लागतं. आणि दुसरीकडे आयनिक लिक्विड, म्हणजे खोलीच्या तापमानालाही द्रवच असणारे क्षार. उडत नाहीत, गोठून पाइप बंद करत नाहीत. ऐकायला हियागच्या सगळ्या दुखण्यांवरचं औषध. पण किलोचा भाव विचारला की आवाज खाली येतो, आणि घट्टपणामुळे ट्रेवर मिसळणंही मंदावतं.

कोणाला यावर प्रोजेक्ट करायचं असेल तर अवघड काही नाही. काचेचं ऑथमर स्टिल, पोटॅशियम ॲसिटेट, इथेनॉल-पाणी. एकच गोष्ट आधीपासून सांभाळा. वाफेचा नमुना थंड केला की त्यात क्षार नसतो, त्यामुळे घनतेवरून त्यातलं अल्कोहोल सरळ काढता येतं. फ्लास्कमधल्या द्रवात क्षार असतो, त्याची घनता काहीही सांगेल. म्हणून तो नमुना आधी पूर्ण सुका डिस्टिल करून घ्यायचा आणि मग मोजायचा, किंवा सुरुवातीलाच सगळं वजन करून भरायचं. आणि स्टिल संध्याकाळी तसंच ठेवून घरी जाऊ नका. सकाळी नळी स्फटिकांनी भरलेली मिळते, आणि लॅब असिस्टंट मामांच्या तोंडून हियाग का बंद पडलं याचं कारण अस्सल मराठीत ऐकायला मिळतं.